केस-त्वचा-नखांच्या गमी: अडीच बाटल्यांनंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय केस, त्वचा आणि नखे यांच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, अमेरिकी बनावटीच्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गमीविषयी आहे. एका बाटलीत ६० गमी, रोज दोन, म्हणजे महिन्याला एक बाटली असा हिशेब. माझ्या धाकट्या जावेने डिसेंबर २०२४ मध्ये घरच्या एका लग्नासाठी अमेरिकेतल्या एडिसनहून येताना अशा चार बाटल्या आणल्या; तीन मला दिल्या आणि एक नवरीला. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण झाकणाचा रंग आणि पुढचे चित्र बदलले तरी मागचे लेबल जवळजवळ हेच असलेल्या बाटल्या आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, आणि माझे म्हणणे मुख्यतः त्या मागच्या लेबलाविषयी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, मधले काही दिवस वगळता, मी या गमी नियमाने खाल्ल्या.

चाळिशी उलटलेली शिक्षिका रोज सकाळी लहान मुलांसारखी जेली का चघळत होती, हे आधी सांगायला हवे. सप्टेंबरअखेर मला डेंग्यू झाला. ताप आठवड्याभरात उतरला, पण डिसेंबर लागला आणि केस हातात येऊ लागले. न्हाणीघराच्या जाळीत गुंता, उशीवर केस, एकदा तर मळलेल्या कणकेत केस. एका रविवारी न्हाल्यानंतर विंचरताना निघालेले केस मी वर्तमानपत्रावर पसरून मोजले आणि २१२ ला थांबले. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सर्वसाधारण मानतात हे मला ठाऊक होते, त्यामुळे त्या आकड्याचा धसका जरा जास्तच बसला.

नेमके त्याच दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील माणसांचे केस काही दिवसांतच झडून टक्कल पडत होते, आणि वाहिन्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नावही देऊन टाकले होते. माझे माहेर खामगावचे, म्हणजे अगदी शेजारच्या तालुक्यातले. आईचा फोन आला, “तुझंही तेच तर नाही ना गं?” मी अकोल्याला राहते, वर्षभरात त्या गावांत पाऊल ठेवलेले नव्हते, आणि माझे केस टक्कल पडण्याइतके गेलेलेही नव्हते, तरी त्याच रात्री मी कपाटातली पहिली बाटली उघडली.

पहिले मत चांगले होते, हे नोंदवायलाच हवे. झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचे, आणि ते खरोखरच मुलांना उघडत नाही. गमी मऊ, दाताला न चिकटणारी. वास मात्र लहानपणी मिळणाऱ्या सर्दीच्या औषधासारखा. दोन गमींत ३ ग्रॅम साखर. आमच्या सासूबाई माळकरी आहेत. तिसऱ्या दिवशी “बघू, कशी लागते” म्हणून त्यांनी एक तोंडात टाकली, आणि संध्याकाळी मी घटकांची यादी वाचली तर साखरेनंतर लगेच जिलेटिन होते. भारतात विकायच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो आणि नजर सवयीने तिकडेच जाते. अमेरिकेतल्या बाजारासाठी भरलेल्या बाटलीवर तशी खूण नसते. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात हे सासूबाईंना सांगावे की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, मात्र पुढच्या एकादशीला नुसत्या पाण्यावर राहिल्या. पेक्टिनवर बनवलेल्या, म्हणजे शाकाहारी गमीही मिळतात. घेणाऱ्याने यादीत तो एक शब्द शोधावा.

लेबलावरील तक्ता वाचण्यासाठी मला मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षरे मोठी करावी लागली. त्यात व्हिटॅमिन ए, सी, डी, ई, बी-६, बी-१२, फोलेट, आयोडीन, झिंक आणि बायोटिन असे दहा घटक होते. प्रत्येकापुढे दिवसाच्या गरजेच्या किती टक्के ते छापलेले. बहुतेकांपुढे शंभराच्या आतबाहेरचे आकडे होते, बी-१२ पुढे दोन हजारांवर टक्के होते, आणि बायोटिनपुढे होते १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३३,३३३ टक्के. मला ती छपाईतली चूक वाटली, पण चूक नव्हती. अमेरिकेतील मानकाप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. दहा हजारांना तिसाने भागले की बरोबर तोच आकडा येतो. दोन गमी तोंडात टाकल्या की जवळजवळ अकरा महिन्यांचे बायोटिन एका सकाळी पोटात जाते. बाटलीच्या पुढच्या बाजूला हाच आकडा ‘सर्वाधिक शक्ती’ अशा थाटात मोठ्या अक्षरांत छापला होता, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला तो दोष वाटलाच नाही. जास्त आहे, तर बरेच आहे, असे वाटले.

बायोटिन आणि केस यांचे नाते खोटे नाही. त्याला पूर्वी ‘व्हिटॅमिन एच’ म्हणत, ते केस आणि त्वचा यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरावरून. शरीरात ते खरोखर कमी पडले तर केस गळतात, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती लालसर पुरळ येते. परंतु शेंगदाणे, अंडी, डाळी खाणाऱ्या माणसात अशी कमतरता क्वचितच आढळते. ती होते ती काही जन्मजात विकारांत, काही औषधे दीर्घकाळ घेतल्याने, किंवा कच्ची अंडी महिनोन्महिने खाल्ल्याने. कारण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते आणि ते बायोटिनला असे घट्ट धरून बसते की आतड्यांना ते मिळतच नाही. अंडे शिजवले की ही अडचण संपते. केस व नखांसाठी बायोटिन दिल्याच्या वैद्यकीय नियतकालिकांतील नोंदींचा २०१७ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा अशा १८ रुग्णांच्या नोंदी सापडल्या, आणि त्या सगळ्यांच्या केसांच्या किंवा नखांच्या तक्रारीमागे आधीपासूनचा काही ना काही आजार होता. डेंग्यूतून उठलेली, दोन वेळा पोळी-भाजी-वरण-भात जेवणारी बाई त्या १८ जणांत बसत नाही.

तरीही माझी गळती कमी झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती निम्म्यावर आली आणि मी जावेला आनंदाने तसे कळवलेही. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी तारखा विचारल्या. मोठा ताप येऊन गेला की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, दोन-तीन महिन्यांनी गळतात, आणि दुसरे काही कारण नसेल तर तीन ते सहा महिन्यांत ही गळती आपोआप आटोक्यात येते. बाळंतपणानंतर आणि कोविडनंतर अनेकींनी हेच अनुभवले आहे. माझा ताप सप्टेंबरचा, गळती डिसेंबरची, उतार मार्चचा. या हिशेबात गमीला काही काम उरलेलेच नव्हते. नखे मात्र पूर्वीपेक्षा थोडी चिवट झाल्यासारखी वाटली. तेवढे श्रेय तिला द्यायला माझी हरकत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे मी केसांसाठी गेलेच नव्हते. गेले ते पुटकुळ्यांसाठी. गमी सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने बारीक, टणक पुटकुळ्या उठू लागल्या. कॉलेज सुटल्यापासून माझ्या चेहऱ्यावर मुरूम आलेला नव्हता. आधी मी नव्या फेसवॉशला दोष दिला, मग तिळगुळाला, मग शाळेतल्या खडूच्या धुळीला. ‘त्वचा उजळते’ असे लिहिलेल्या बाटलीकडे मात्र संशयाने पाहिले नाही. डॉक्टरांनी चेहरा भिंगातून पाहिला. वयात येताना होणाऱ्या मुरुमांत काळे ठिपके, पुवाचे फोड, बारीक गाठी असे सगळे एकत्र दिसते. माझ्या पुटकुळ्या मात्र एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या, आणि असे असले की पोटात जाणाऱ्या एखाद्या पदार्थाचा संशय घेतात, असे त्यांनी सांगितले. “प्रोटीन पावडर, बी-१२ ची इंजेक्शनं, असं काही?” मी बाटलीचा फोटो दाखवला. त्यांनी बी-१२ आणि आयोडीन या दोन ओळींवर बोट ठेवले.

जादा आयोडीनने मुरमांसारखे पुरळ येते, ही जुनी माहिती आहे. बी-१२ ची गोष्ट अधिक रंजक वाटली. त्वचेवर सगळ्यांच्याच असणारा, मुरमांशी संबंधित असलेला एक जिवाणू स्वतःही बी-१२ बनवतो. माणसाने बाहेरून भरपूर बी-१२ घेतले की हा जिवाणू आपले उत्पादन कमी करतो आणि त्याऐवजी पॉर्फिरिन नावाची द्रव्ये अधिक बनवू लागतो, जी त्वचेला दाह आणतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले याचा दाखला कोणी देणार नाही. गमी बंद केल्यावर सहा आठवड्यांत पुटकुळ्या गेल्या, हनुवटीवर दोन तपकिरी डाग राहिले, इतकेच मी सांगू शकते. अकोल्यासारख्या शाकाहारी घरांच्या गावात बी-१२ खरोखर कमी असलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांनी डॉक्टरांनी दिलेले बी-१२ यामुळे सोडू नये. माझे बी-१२ कोणी मोजलेच नव्हते.

आता एक तक्रार जी एडिसनमध्ये कोणाला सुचणार नाही. बाटलीवर थंड, कोरड्या जागी ठेवा असे लिहिले आहे. मार्चअखेर आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकला आणि तिसऱ्या बाटलीतल्या उरलेल्या गमी एकमेकींत विरघळून बाटलीच्या आकाराचा एकच लाल गोळा झाला. तो काढायला मला बाटली कापावी लागली. त्या गोळ्यातून दोन गमींइतका तुकडा सुरीने अंदाजाने काढायचा म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅमचे मोजमाप भाजीच्या फोडीसारखे करायचे. दोन दिवस मी तेही केले.

या सगळ्यापेक्षा गंभीर प्रकार मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाला होता. थकवा जात नव्हता म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. सकाळी साडेसातला लॅबचा मुलगा घरी आला. दंडाला पट्टा बांधता बांधता त्याने विचारले, “काही गोळ्या-औषधं सुरू आहेत का, मॅडम?” मी म्हटले, “नाही.” तासाभरापूर्वीच दोन गमी खाऊन झाल्या होत्या. मी खोटे बोलले असे तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. रक्तदाबाची गोळी ही गोळी, तापाची गोळी ही गोळी. स्ट्रॉबेरीच्या चवीची, साखर घातलेली, सासूबाईंनी चव म्हणून चाखलेली वस्तू माझ्या मनात गोळ्यांच्या रांगेत नव्हतीच.

संध्याकाळी अहवाल आला. थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक टीएसएच ०.०८, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही पुष्कळ खाली. थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक फ्री टी-४ वरच्या मर्यादेबाहेर. फेरिटिन फक्त ६. ठळक अक्षरे आणि बाण. मी इंटरनेटवर शोधले आणि रात्रभर थायरॉइड अतिसक्रिय झाल्याची लक्षणे स्वतःत शोधत बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचला. नाडी मोजली: ७४. वजन पाहिले: दोन महिन्यांत अर्धा किलो वाढलेले. मग मला दोन्ही हात सरळ पुढे धरायला सांगून पसरलेल्या बोटांवर त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा एक कोरा कागद ठेवला. थायरॉइड अतिसक्रिय असेल तर बोटांना सूक्ष्म कंप असतो आणि कागदाची कड थरथरते. कागद टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर होता. “ताई, रिपोर्ट एक सांगतोय आणि तुमचे हात दुसरंच सांगताहेत,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून विचारले, “केसांसाठी काही घेता का?”

त्यांनी आठ दिवस गमी बंद करायला सांगितल्या आणि तोपर्यंत थायरॉइडचे कोणतेही औषध सुरू केले नाही. लाल गोळ्यातले ते दोन तुकडे मी या आठ दिवसांनंतर, अहवाल बरा आल्याच्या आनंदात खाल्ले, हेही कबूल करते. दुसऱ्या वेळी टीएसएच २.३, फ्री टी-४ मर्यादेत. फेरिटिन १४ आले. तेही कमीच, पण पहिल्याइतके नाही. म्हणजे थायरॉइडचा आजार पूर्ण खोटा आणि लोहाची कमतरता खरी, पण वाढवून सांगितलेली.

हे कसे घडते ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. रक्तात अत्यल्प प्रमाणात असलेली संप्रेरके मोजायला प्रयोगशाळेतील अनेक यंत्रे अंड्यातल्या त्या ॲव्हिडिनचाच जिवाणूपासून मिळणारा भाऊबंद, स्ट्रेप्टॅव्हिडिन, वापरतात. त्याचा लेप दिलेले सूक्ष्म कण नळीत असतात, आणि संप्रेरकाला पकडणाऱ्या प्रतिद्रव्याला मुद्दाम बायोटिनचे शेपूट जोडलेले असते. शेपूट लेपाला चिकटले की पकडलेला माल कणांवर जमा होतो आणि त्याची मोजणी होते. मी ते मनात एसटीच्या भाषेत बसवले. कण म्हणजे गाडीतल्या जागा. त्यांवर प्रतिद्रव्यांनी बसायचे. पण रक्तातच मोकळे बायोटिन भरमसाट असेल तर ते खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या जागा आधीच धरते, आणि ज्यांची खरी मोजणी व्हायची ते खालीच राहतात, धुताना वाहून जातात. टीएसएच आणि फेरिटिन मोजताना जितके बसले तितका आकडा मोठा, म्हणून ते खोटे कमी दिसतात. फ्री टी-४ च्या मोजणीत हिशेब उलटा असतो, जितके कमी बसले तितका आकडा मोठा, म्हणून ते खोटे जास्त दिसते. एक खोटे कमी आणि दुसरे खोटे जास्त, असे दोन्ही मिळून कागदावर थायरॉइडच्या अतिसक्रियतेचे हुबेहूब चित्र उभे राहते. सगळ्या लॅबमधली यंत्रे या पद्धतीची नसतात, त्यामुळे हीच गमी खाणाऱ्या दुसऱ्या बाईचा अहवाल दुसऱ्या लॅबमध्ये अगदी बरोबरही येऊ शकतो.

‘बी वर्गातली व्हिटॅमिन्स पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे निघून जातात’ हे वाक्य जावेनेही ऐकवले होते. निघून जातात हे बरोबर. पण जाताना रक्तातूनच जातात, आणि सुई नेमकी त्या वेळी टोचली गेली तर काय होते ते मी पाहिले. शिवाय याच वर्गातले बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर हातापायांच्या नसांना इजा करते, म्हणजे ‘निघून जाते’ हे आश्वासन सरसकट लागू पडत नाही.

माझ्या बाबतीत नुकसान दुसऱ्या तपासणीच्या पैशांवर आणि आठ रात्रींच्या झोपेवर निभावले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये तो पुन्हा अद्ययावत केला. हृदयविकाराचा झटका आला आहे की नाही हे ठरवताना जे ट्रोपोनिन मोजतात, तेही बायोटिनमुळे खोटे कमी येऊ शकते. मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचा ट्रोपोनिनच्या अशा खोट्या अहवालानंतर मृत्यू झाल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे. थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते. हे सगळे माझी बाटली भरली गेली त्याच्या कितीतरी आधीचे आहे. तरी बाटलीवर ‘रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगा’ एवढी एक ओळ नव्हती. ग्लूटेनमुक्त असल्याची खूण होती, कृत्रिम रंग नसल्याची होती, झाडे लावल्याची होती. माझी या उत्पादनाविषयीची खरी तक्रार हीच आहे. दहा हजार विकायचे असेल तर विका, पण ते दहा हजार रक्तात असताना कोणता कागद खोटा ठरतो, हेही त्याच अक्षरात छापा.

तसे छापण्याची सक्ती का नाही, याचे उत्तर या वस्तूंच्या कायदेशीर जातीत आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला औषधापासून वेगळे काढले, आणि तो गुणकारी आहे हे बाजारात आणण्यापूर्वी सरकारला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. तळाशी बारीक अक्षरांत तशी कबुली मात्र छापावी लागते. आपल्याकडेही असे पदार्थ अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली अन्न म्हणून येतात आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे त्यांवर लिहावे लागते. लॅबच्या मुलाला मी ‘नाही’ म्हटले ते, गंमत म्हणजे, दोन्ही देशांच्या कायद्याला धरूनच होते.

एप्रिलमध्ये मी गमी सोडल्याचे ऐकून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक भारतीय कॅप्सूल पुढे केली. “ही घ्या, यात सेलेनियमपण आहे.” तोपर्यंत शेगावच्या गावांतल्या टक्कलाचे गूढ बरेच उलगडले होते. व्हायरस नव्हता. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर त्या गावांत जाऊन आले आणि त्यांनी पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आणि झिंक घटलेले आढळल्याचे त्यांनी मांडले. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम मुळातच फार आहे आणि तिथे केस व नखे गळण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. म्हणजे ज्या बातमीला घाबरून मी केसांची बाटली उघडली, त्या बातमीतला संशयित केसांच्या अनेक बाटल्यांत पोषक घटक म्हणून हजर असतो. त्याची गरज अमेरिकी मानकानुसार दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम आणि सुरक्षित मर्यादा ४००. मधले अंतर फार नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात बनवतानाच्या चुकीने लेबलावरच्या २०० पट सेलेनियम पडले, दहा राज्यांत २०१ जणांना त्याची बाधा झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळले. मेडिकलवाल्याच्या कॅप्सूलमधली मात्रा मर्यादेत होती, हे त्याच्या बाजूने सांगते. पण रोजचे जेवण, एक मल्टीव्हिटॅमिन आणि वर ही कॅप्सूल यांची बेरीज कोण करणार होते? मी ती घेतली नाही.

हीच बेरीज व्हिटॅमिन ए च्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. ते केसांसाठी आवश्यक आहे आणि जास्त झाले तर केसच गळवते, ओठ फुटतात, कातडी कोरडी पडून सोलवटते, यकृतावर ताण येतो. प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम आहे; या गमींत ती ओलांडली जात नाही, मात्र घटकांच्या यादीत ते रेटिनिल पामिटेट या रूपात होते, आणि या रूपातले जादा व्हिटॅमिन ए गर्भाला अपाय करू शकते. हे वाचल्यावर मला चौथी बाटली आठवली. नवरीला फोन लावला. “काकू, मी तर कॉड लिव्हरच्या कॅप्सूलसोबत घेतेय,” ती म्हणाली. कॉड लिव्हर म्हणजे कॉड माशाच्या यकृताचे तेल, म्हणजे पुन्हा व्हिटॅमिन ए. तिने दोन्ही बंद केले आणि आपल्या डॉक्टरांना दाखवले. त्या बाटलीवर गरोदरपणाचा उल्लेख होता, हे न्यायाने सांगते. तळाशी, बारकोडच्या शेजारी.

जावेने तिकडून कंपनीला सविस्तर पत्र लिहिले: पुटकुळ्या, खोटा अहवाल, वितळलेला गोळा, सगळे. दोन दिवसांत उत्तर आले. आपल्या प्रकृतीविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे त्यात होते, आणि पुढच्या खरेदीवर २० टक्के सवलतीचा कोड होता.

पाचपैकी दीड गुण देते. एक नखांसाठी आणि अर्धा झाकणासाठी. थायरॉइडचे किंवा हृदयाचे रुग्ण, गरोदर असलेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या बायका आणि ज्यांची रक्ततपासणी ठरलेली आहे ते, यांनी ही गमी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांचे केस तापानंतर किंवा बाळंतपणानंतर गळताहेत त्यांनी तेवढ्याच पैशांत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घेणे मी अधिक पसंत करीन, कारण माझी जी एक खरी कमतरता निघाली ती लोहाची होती, आणि दहा घटकांच्या त्या तक्त्यात लोह नव्हतेच.

ऑगस्टमध्ये फेरिटिन पुन्हा तपासायचे होते. तोच मुलगा आला, दंडाला पट्टा बांधला, तोच प्रश्न विचारला. मी म्हटले, “लोहाची गोळी सुरू आहे. केसांच्या गमी घेत होते, त्या एप्रिलपासून बंद आहेत.” त्याने फॉर्मवर लोहाची गोळी लिहिली, मग पेन थांबवून विचारले, “गमी म्हणजे, मॅडम?” मी त्याला मोबाइलमधला लेबलाचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “ही तर माझी बायकोपण घेते.”